नर्सिंगमधील पीएच.डी. रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते का?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. नर्सिंग होऊन नऊ वर्षे झालेल्या आणि त्यांतली सहा वर्षे मेडिसिन वॉर्ड व आयसीयूमध्ये काढलेल्या एका परिचारिकेला पीएच.डी.साठी नाव नोंदवावे की नाही, हे ठरवायचे आहे. घरच्यांचे म्हणणे, प्राचार्य व्हायचे असेल तरच या भानगडीत पड. वॉर्डातल्या मैत्रिणी विचारतात, नावाआधी डॉक्टर लागले तरी शेवटी सलाईनच लावायची ना? तिला स्वतःला मात्र वेगळेच जाणून घ्यायचे आहे: परिचारिकांच्या या सर्वोच्च पदवीने रुग्णाच्या सेवेत खरोखर काही फरक पडतो, की तो फक्त शिकवणाऱ्यांच्या वेतनश्रेणीत पडतो? आणि पडत असेल, तर त्याला पुरावा काय?

मी या व्यवसायात तीस वर्षांहून अधिक काळ आहे. पहिली अकरा वर्षे वॉर्डात गेली, पुढची अध्यापनात, आणि अलीकडे मी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. त्या अनुभवावरून, विचारणाऱ्या त्या परिचारिकेलाच उद्देशून सांगते की फरक पडतो, पण तो आपोआप पडत नाही. संशोधनाचा प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ सुचलेला असेल आणि मिळालेले उत्तर पुन्हा त्या खाटेपर्यंत नेण्याची वाट आधीच बघून ठेवलेली असेल, तर या पदवीचा उपयोग फार मोठा आहे. या दोन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर प्रबंध सोनेरी अक्षरांच्या बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि त्याला पुन्हा हात लागतो तो कपाट झाडताना.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून तुमच्या रोजच्या हातातली वस्तू घेते: वॉर्डात आपण जिला इंट्राकॅथ म्हणतो ती शिरेत बसवलेली बारीक नळी. आपल्या पिढीला शिकवलेला नियम असा होता की ही नळी तिसऱ्या, फार तर चौथ्या दिवशी काढायची आणि दुसऱ्या जागी नवी लावायची, मग ती व्यवस्थित चालू असो वा नसो. सत्तरीच्या आजीबाईंच्या हातावर शोधून शोधून एक शीर सापडलेली असते, त्यातून अँटिबायोटिक विनातक्रार जात असते, आणि तरीही आपण ती काढून पुन्हा टोचायला बसतो. आजीबाई विचारतात, “चांगली चालली आहे की बाई, मग काढतेस कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे अनेक वर्षे “नियम आहे” याखेरीज उत्तर नव्हते, आणि ते उत्तर देताना मला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होई.

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातील क्लेअर रिकार्ड या परिचारिका-संशोधिकेने शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिला. क्वीन्सलँडमधील तीन रुग्णालयांत ३,२८३ प्रौढ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटात नळी ठरलेल्या दिवशी बदलली, दुसऱ्यात फक्त गरज पडली तेव्हाच, म्हणजे दुखू लागले, सूज आली, नळी बंद पडली किंवा उपचार संपला तेव्हा. शीर सुजण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ७ टक्के निघाले. हा अभ्यास २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर जगभरातील अनेक रुग्णालयांनी ठरावीक मुदतीने नळी बदलण्याची प्रथा सोडली. किती सुया वाचल्या आणि परिचारिकांचा किती वेळ वाचला, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या उदाहरणातल्या दोन गोष्टींकडे मी माझ्या विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधते. पहिली ही की हा प्रश्न परिचारिकेलाच पडण्यासारखा होता. नळी बदलण्याचा आदेश डॉक्टर देतात, पण तिसऱ्या दिवशी चौथी शीर शोधताना रुग्णाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आपण पाहतो. दुसरी गोष्ट अशी की प्रश्न पडणे पुरेसे नसते. पन्नास रुग्णांमध्ये दोन पद्धतींत फरक दिसला नाही, म्हणून त्या सारख्या आहेत असे म्हणता येत नाही. कदाचित फरक असेल, पण तो दिसण्याइतके रुग्णच आपण घेतले नसतील. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन विधानांमध्ये जे अंतर आहे, ते ओलांडायला किती रुग्ण लागतील, किती फरक क्षुल्लक मानायचा आणि तो कोणी ठरवायचा, हे गणित एम.एस्सी.च्या दोन वर्षांत अंगवळणी पडत नाही. पीएच.डी.मध्ये जे शिकायचे ते हेच. माहिती कमावण्यापेक्षा आपल्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा हे कळणे तिथे महत्त्वाचे असते.

आता हा निष्कर्ष आपल्याकडे उचलून आणावा का? इथे खरी गंमत आहे. ‘गरज पडेल तेव्हाच बदला’ हा नियम सुरक्षित राहतो, कारण प्रत्येक पाळीत कोणीतरी ती जागा नीट पाहते असे त्यात गृहीत धरलेले आहे. नर्सिंग शिक्षणाचे नियमन करणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. तुमच्या वॉर्डात नाईटला काय असते ते तुम्हीच जाणता. चाळीस खाटा, शिवाय जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले रुग्ण, एक सिस्टर आणि नशीब असेल तर एखादी विद्यार्थिनी. दिवे मालवलेले असतात, हात चादरीखाली असतो, आणि सलाईन निघू नये म्हणून चिकटपट्टीचे इतके वेढे दिलेले असतात की सुईची जागा दिसतच नाही. दिसते ती थेट मनगट फुगल्यावर. अशा ठिकाणी तिसऱ्या दिवशी डोळे झाकून नळी बदलण्याचा जुना नियम मूर्खपणाचा वाटला, तरी तोच रुग्णाचे रक्षण करत असण्याची शक्यता आहे. की नाही करत? पारदर्शक पट्टी वापरली तर तिचा खर्च वाचलेल्या सुयांमधून निघेल का? सोबत बसलेल्या नातेवाइकाला ‘लाल दिसले, कडक लागले, तर उठवा’ एवढे शिकवले तर एका पाळीतली तपासणी भरून निघेल का? यांची उत्तरे क्वीन्सलँडमध्ये मिळणार नाहीत. ती आपल्याच जिल्हा रुग्णालयांत शोधावी लागतील. माझ्या मते, आपल्या देशात परिचारिकेने पीएच.डी. करण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

असाच दुसरा विषय बेडसोअरचा, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमांचा. धोका मोजण्यासाठी आपण जे ब्रेडन मापन वापरतो, ते बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचारिकांनी १९८० च्या दशकात तयार केले. संवेदना, ओलावा, हालचाल अशा सहा बाबींना गुण द्यायचे. बेरीज ६ ते २३ च्या दरम्यान येते आणि जितकी कमी तितका धोका अधिक. मापन उत्तमच आहे. पण त्याच्या पुढची पायरी म्हणजे जखमेची पहिली खूण ओळखणे, आणि पाठ्यपुस्तकात ती ‘दाबल्यावर न जाणारी लाली’ अशी लिहिलेली असते. ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या पाठीवर ती दिसेलच असे नाही. तिथे रंग थोडा गडद किंवा जांभळट होतो. जुन्या सिस्टर पाठीची निगा करताना हाताची मागची बाजू माकडहाडावर ठेवून ऊब आणि कडकपणा अजमावत असत. मला हे एका इन्चार्ज सिस्टरने शिकवले. त्यांनी ते कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. हे हातातले ज्ञान कितपत अचूक आहे, दोन वेगवेगळ्या परिचारिकांचा हात एकच निर्णय देतो का, आणि तो निर्णय जखम उघडी पडण्याच्या किती आधी मिळतो, हे मोजून मांडणे हा पीएच.डी.चा विषय होऊ शकतो. मोजले नाही, तर ते ज्ञान त्या सिस्टरबरोबर निवृत्त होते.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे प्रत्यक्षात काय होते तेही स्पष्ट सांगायला हवे. तुम्ही एम.एस्सी. केले आहे, तेव्हा ‘अमुक विषयीच्या ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’ हे शीर्षक तुम्हाला पाठ असेल. साठ माता किंवा साठ परिचारिका घ्यायच्या, तीस गुणांची प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायची, तक्ते दाखवून पाऊण तास शिकवायचे, सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. वाढणारच, पाऊण तास शिकवून आठवड्याने तेच प्रश्न विचारल्यावर गुण वाढले नसते, तर तो संशोधनाचा विषय झाला असता. मग टी-टेस्ट ही दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी सांख्यिकी चाचणी लावून कार्यक्रम परिणामकारक ठरवला जातो. त्या मातेने घरी गेल्यावर बाळाला वरचे पाणी पाजणे थांबवले का, त्या परिचारिकेने तीन महिन्यांनी दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतले का, हे कोणी जाऊन पाहत नाही. माझा स्वतःचा एम.एस्सी.चा प्रबंध याच साच्यातला होता, त्यामुळे हे मी दुसऱ्या कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. त्या वयात, त्या मुदतीत, कोणाच्या फारशा परवानग्या न काढता पुरा होणारा तो एकमेव प्रकार होता. चिंता याची आहे की हाच साचा थोडा फुगवून पीएच.डी.लाही वापरला जातो: साठऐवजी तीनशे माता, पाऊण तासाऐवजी चार सत्रे. तुम्ही असे करणार असाल, तर माझा सल्ला सरळ आहे, करू नका. तीन-चार वर्षांची झोप आणि घरच्यांची सहनशक्ती याहून चांगल्या कामासाठी वापरता येईल.

या साच्याचे मूळ थोडे आपल्या इतिहासातही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजने १९२० च्या दशकात परिचारिकांसाठी डॉक्टरेटचे शिक्षण सुरू केले, ते शिक्षणशास्त्रातले होते. १९३४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात परिचारिकांसाठी पीएच.डी. आली. म्हणजे तिथेही सुरुवात शिक्षिका घडवण्यापासूनच झाली, आणि रुग्णसेवेचे प्रश्न केंद्रस्थानी यायला पुढे काही दशके जावी लागली. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले, पदव्युत्तर शिक्षण १९५९ मध्ये दिल्लीत. पीएच.डी.साठीचे राष्ट्रीय कन्सॉर्टियम, म्हणजे संस्थांचा एकत्रित उपक्रम, इंडियन नर्सिंग कौन्सिलने बंगळूरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने उभे केले ते २००५ मध्ये. त्याआधीही काही विद्यापीठांतून परिचारिका पीएच.डी. होत होत्या, पण त्यांची संख्या अगदी मोजकी होती आणि अनेकींना मार्गदर्शक दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागे. ज्यांना कोणी रुग्णसेवेतले संशोधन शिकवले नाही, त्यांनी आम्हाला शिकवले, आणि आम्ही तुम्हाला. हा दोष कोणा एकाचा नाही.

परदेशातल्या पदव्यांचे नाव काढलेच आहे, तर एक घोटाळा दूर करते. अमेरिकेत परिचारिकांसाठी दोन प्रकारच्या डॉक्टरेट आहेत. पीएच.डी. नवे ज्ञान निर्माण करण्यासाठी; आणि डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी, ही उपलब्ध ज्ञान रुग्णसेवेत उतरवण्यासाठी, व्यवस्था सुधारण्यासाठी आणि प्रगत पातळीवर प्रत्यक्ष रुग्ण हाताळण्यासाठी. डीएनपी तिथे २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि तिने संख्येत पीएच.डी.ला केव्हाच मागे टाकले. आपल्याकडे तिच्या तोडीची पदवी रुळलेली नाही. क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आहे, पण तो पदव्युत्तर पातळीवरचा. त्यामुळे ज्या परिचारिकेला वॉर्डातली कामाची रीत बदलायची आहे आणि जिला मूलभूत संशोधन करायचे आहे, अशा दोघींनाही आपल्याकडे एकाच दारातून आत जावे लागते. तुम्ही यांपैकी कोण आहात हे आधी ओळखा, कारण विषय आणि मार्गदर्शक दोन्ही त्यावर ठरतात.

आरोग्यसेवेवर परिणाम होतो याला पुरावा काय, असेही तुम्ही विचारले आहे. लिंडा एकेन या परिचारिका आणि समाजशास्त्रज्ञ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या युरोपीय अभ्यासात नऊ देशांतील ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या ४,२२,७३० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. एका परिचारिकेवरचा भार एका रुग्णाने वाढला की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटलेली दिसली. हे आकडे सांगताना व्यासपीठावरून बरेचदा ‘उच्चशिक्षित परिचारिका म्हणजे कमी मृत्यू’ असे ठोकून दिले जाते आणि ओघात त्यात पीएच.डी.ही घुसडली जाते. ते बरोबर नाही. हा अभ्यास पदवीधर परिचारिकांविषयी आहे, डॉक्टरेटविषयी नाही. शिवाय तो दोन गोष्टी बरोबरीने दिसतात असे सांगतो, एकीमुळे दुसरी घडते असे तो एकटा सिद्ध करू शकत नाही. मला त्यातून वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. परिचारिकांची संख्या आणि शिक्षण यांचा रुग्णाच्या जगण्या-मरण्याशी संबंध आहे, ही गोष्ट परिचारिका वर्षानुवर्षे मोर्चात सांगत होत्या. ती आकड्यांत मांडली डॉक्टरेट केलेल्या एका परिचारिकेने, आणि तेव्हा कुठे धोरण ठरवणारे ऐकू लागले.

मेरी नेलर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेचे काम मला याहूनही जवळचे वाटते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत फिलाडेल्फियामधील ३६३ वृद्ध रुग्ण होते. त्यांतल्या एका गटासाठी प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने रुग्णालयात असतानाच घरी जाण्याची तयारी सुरू केली आणि सुटी झाल्यावर घरी जाऊन व फोनवरून पाठपुरावा केला. २४ आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीने घरी सोडलेल्यांपैकी ३७.१ टक्के रुग्ण पुन्हा दाखल झाले, या गटातले २०.३ टक्के. आता आपल्या वॉर्डातला डिस्चार्ज आठवा. दुपारी बाराला इंग्रजीतले कार्ड हातात पडते, ‘सकाळी एक, रात्री एक’ असे घाईघाईत सांगितले जाते, आणि रुग्ण एस.टी.ची वेळ साधायला निघतो. गावात आशा कार्यकर्ती आहे, एएनएम म्हणजे सहायक परिचारिका आहे, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंग केलेली मुलगीही असते. पण हृदयविकाराचा हा रुग्ण आज घरी येतो आहे, हे त्यांना वॉर्डातून कोणी कळवत नाही. साखळीतल्या कड्या सगळ्या आहेत, फक्त जोडलेल्या नाहीत. त्या जोडून पाहाव्यात आणि त्याने पुन्हा दाखल होणे किती कमी होते ते मोजावे, असा विषय घेऊन कोणी माझ्याकडे आले तर मी त्याच दिवशी सही करीन.

मराठी परिचारिकेला आणखी एक क्षेत्र मोकळे पडलेले आहे, आणि तिथे दुसरे कोणी येऊन काम करणार नाही. वेदना, थकवा, नैराश्य, जगण्याची गुणवत्ता मोजणारी बहुतेक मापने इंग्रजीत तयार झालेली आहेत. वेदनेसाठी आपण शून्य ते दहा आकडे विचारतो, आणि शेतात राबलेले आजोबा विचारतात, “दहा म्हणजे पैसे का?” पण त्यांनाच दुखते कसे ते विचारा. ठणका, कळ, चमक, उसण, शिणक, आग, टोचणी, मुरडा, रग: यांतला प्रत्येक शब्द वेगळी वेदना सांगतो. ठणका पिकत आलेल्या गळवाला असतो, चमक नसेची असते, रग भरते ती खूप वेळ उभे राहिल्यावर. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर केले की हे सगळे ‘तीव्र वेदना’ आणि ‘मध्यम वेदना’ या दोन खोक्यांत कोंबले जाते. प्रश्नावली मराठीत आणणे म्हणजे एकाने मराठी करायचे, दुसऱ्याने ते न पाहता पुन्हा इंग्रजी करायचे, मग रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय कळले हे त्यांच्याच शब्दांत ऐकायचे, आणि शेवटी ती दोनदा वापरून सारखेच उत्तर देते का हे तपासायचे. विदर्भातला शब्द कोकणात चालतो का, हेही पाहायचे. काम चिकाटीचे आहे आणि वरवर पाहता त्यात थाटमाट काही नाही; पण असे एक मापन नीट तयार झाले तर पुढची कित्येक वर्षे शेकडो अभ्यास आणि हजारो रुग्ण त्यावर विसंबून राहू शकतात.

हे सगळे झाले तरी तुमच्या मैत्रिणींचा टोमणा शिल्लक राहतो, आणि त्यात तथ्य आहे. शासकीय सेवेतली आपली शिडी अधिपरिचारिका, परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर), सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी आहे, आणि ती प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेवर चढायची असते. पीएच.डी. केलेल्या परिचारिकेसाठी रुग्णाजवळ राहून संशोधन करण्याचे पद त्या शिडीवर नाही. पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, व्हायचे किंवा महाविद्यालयात जायचे, म्हणजे रुग्णापासून दूर व्हायचे. प्राचार्यपदाला पीएच.डी. इष्ट मानली जाते, त्यामुळे घरच्यांचे गणितही चुकीचे नाही. परिणाम असा की रुग्णसेवा सुधारण्यासाठी घेतलेली पदवीच परिचारिकेला वॉर्डातून उचलून कार्यालयात नेऊन बसवते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकवणे आणि रुग्णसेवा ही दोन्ही कामे एकाच परिचारिकेकडे ठेवण्याची जुनी परंपरा आहे. शिकवणारीच वॉर्डाचीही जबाबदारी घेते. तसे आपल्याकडे सर्वत्र होईल तेव्हा होवो. तोवर एक वाट मी सुचवते: विषय ठरवतानाच ज्या वॉर्डात काम करायचे तिथली परिसेविका आणि तिथले एक डॉक्टर यांना सोबत घ्या आणि निष्कर्ष आला तर वॉर्डाची कोणती नोंदवही, कोणता तक्ता किंवा हँडओव्हरची, म्हणजे पाळी सोपवतानाच्या नोंदीची, कोणती ओळ बदलायची, हे आराखड्यातच लिहून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीचे काम आजही वापरात आहे, ते तिच्या प्रबंधामुळे नव्हे. पाळी बदलताना भरायच्या तक्त्यात तिने एक रकाना वाढवला होता आणि पुढे तो छापील तक्त्यातच आला, म्हणून.

आता थोडे व्यवहाराचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. स्त्री उमेदवारांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नोकरी सांभाळून अर्धवेळ करण्याचीही सोय आहे, मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवणे हीच कित्येकींची पहिली मौखिक परीक्षा ठरते. एका प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे चांगल्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असेलच असे नाही. महाराष्ट्रात नर्सिंगचे बहुतेक शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येते. तिथली प्रवेश परीक्षा आणि नियम त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेतच पाहावेत, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सापडतात का पाहा आणि सापडले तर वाचा. सारांश वाचून थांबू नका. नमुना कसा निवडला आणि मर्यादा काय लिहिल्या, ती पाने वाचा. मर्यादांच्या पानावर फक्त ‘वेळेअभावी’ एवढेच लिहिलेले असेल, तर दुसरा दरवाजा ठोठावा.

संमतीपत्राबाबत एक सावधगिरी सांगते, कारण पुस्तकात ती पुरेशी ठसवलेली नसते. तुम्ही ज्या वॉर्डात काम करता तिथल्याच रुग्णाला ‘माझ्या अभ्यासात भाग घ्याल का’ असे विचारले, तर तो नाही म्हणणार नाही. रात्री दुखल्यावर इंजेक्शन तुम्हीच देणार आहात, हे त्याला माहीत असते. म्हणून संमती दुसऱ्या कोणाकडून घ्या, कागद मराठीत असू द्या, आणि ‘नाही म्हटलेत तरी सेवेत फरक पडणार नाही’ हे वाक्य वाचून दाखवून त्याचा अर्थ रुग्णालाच सांगायला लावा. रुग्णांवर एखादी पद्धत वापरून पाहणार असाल, तर आचारसमितीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीबरोबर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, भारत येथे पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी करा. नंतर केलेली नोंदणी प्रतिष्ठित नियतकालिके सहसा मान्य करत नाहीत.

फॉर्म भरण्याआधी तीन महिने एक छोटी वही एप्रनच्या खिशात ठेवा. ड्युटीवर असताना ‘हे आपण असेच का करतो’ असे ज्या ज्या वेळी मनात येईल, ते तारीख घालून एका ओळीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही आणि इन्चार्ज सिस्टर दोघींना समोर बसवा. ज्या ओळी वेगवेगळ्या तारखांना चार-पाच वेळा आल्या असतील, त्यांतली एक निवडून तिच्याविषयी जगात काय लिहिले गेले आहे ते शोधा. उत्तर आधीच मिळालेले असेल, तर पीएच.डी.ची गरज नाही. ते उत्तर वॉर्डात लागू करा, तेही मोठेच काम आहे. मिळाले नाही, तर एक पान मराठीत किंवा इंग्रजीत लिहून घेऊन या. विषय आवडला तर मार्गदर्शक कोण हे आपण नंतर पाहू.